टिकली लावलेली चिप

मंगळवारी सकाळी माझा नवरा दूध घेऊन आला. त्याने पिशवी ओट्यावर ठेवली, कॉम्प्युटरच्या टेबलाशी गेला, खुर्चीत बसला आणि वारला. मी चहा टाकला होता.

टेबलावर कॉम्प्युटर झाकण काढून ठेवलेला होता. लोक आले, टेबल भिंतीकडे सरकवलं गेलं, कोणीतरी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. पुढे कितीतरी दिवस घरात येणाऱ्या प्रत्येकाला त्या टॉवेलखाली पोळ्या आहेत असं वाटायचं. एका मावशींनी तर जेवणाच्या वेळी तो उचलून पाहिला आणि पुन्हा सावकाश झाकला.

कॉम्प्युटर म्हणजे आताच्यासारखा नव्हे. हे यंत्र म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड आणि त्याच्याच पोटात सगळं काही. पडदा नाही, टीव्हीला जोडायचा. माझा नवरा शहाद्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागला, त्या सुमारास हा कॉम्प्युटर शाळेत आला. त्याच्यासाठी खोलीला पडदे लागले. चपला बाहेर काढून मुलं रांगेने त्याचं दर्शन घ्यायची. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडायची, आणि पाकळ्या कळांच्या फटीत अडकल्या की नवरा होळीपर्यंत त्या चिमट्याने काढत बसायचा. पुढे नवे कॉम्प्युटर आले आणि हा अडगळीत गेला. नवरा निवृत्त झाला त्या दिवशी शाळेने त्याला शाल आणि नारळ दिला. तो म्हणाला, त्यापेक्षा अडगळीतला तो कॉम्प्युटर द्या. मुख्याध्यापकांनी तिन्ही दिलं. शालीत कॉम्प्युटर गुंडाळून तो रिक्षाने घरी आला आणि नारळ विसरून रिक्षातच राहिला.

मी कॉलेजात ग्रंथपाल होते. माहेर नाशिकचं. मला घरात जुन्या वस्तूंचं वावडं नव्हतं, पण माझ्या जुन्या वस्तू निदान फडताळात उभ्या राहतात. याच्या पसरायच्या. वायरी, स्क्रू, सोल्डरिंगची बंदूक, जळक्या राळेचा वास. एकदा वरणाच्या पातेल्यात स्क्रू निघाला. तो म्हणाला, "अरे वा, हाच शोधी ऱ्हायन्तू मी." खुशीत असला किंवा चिडला की तो अहिराणीत जायचा. एरवी माझ्याशी शाळेतलं मराठी.

त्याचं शेवटचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. या यंत्राला जे काही बोलता येतं ते एका चिपमध्ये लिहिलेलं असतं. काळी, चपटी, दोन्ही बाजूंना धातूचे पाय असलेली ती वस्तू. तिच्यात लिहिलेलं वीज गेली तरी पुसलं जात नाही. शहाद्यात या गुणाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. मूळ चिप इंग्रजी बोलायची. नवऱ्याला तिच्या जोडीला स्वतः लिहिलेली दुसरी चिप हवी होती, आणि मनात येईल तेव्हा हिच्यावरून तिच्यावर जायला बाहेरून एक स्विच. नाहीतर दर वेळी झाकण उघडायचं, एक चिप उपटायची, दुसरी दाबायची, आणि कधीतरी पाय वाकायचे.

"एकीच्या पाठीवर दुसरी बसवायची," तो मला समजावायचा. "पायाला पाय जोडायचा. फक्त दोघींचा एक एक पाय मोकळा सोडून स्विचला न्यायचा. स्विच जिला परवानगी देईल ती बोलेल. दुसरी गप्प."

"आणि दोघी एकदम बोलल्या तर?"

"तर आपल्या घरासारखं होईल."

"आपल्या घरात दोघं कुठे बोलतात? तूच बोलतोस."

"कारण स्विच तुझ्याकडे आहे."

दुसऱ्या चिपमध्ये काय लिहिलंय ते मात्र तो सांगेना. हिवाळाभर आलेखाच्या कागदावर ठिपके भरून अक्षरं काढत होता, तेवढं मला दिसत होतं. एक एक अक्षर इवल्या चौकोनांत बसवायचं. 'क्ष'ने त्याचा एक आठवडा खाल्ला. यंत्र अहिराणी बोलणार, एवढं कळलं. काय बोलणार?

"तयार व्हऊ दे," तो म्हणायचा. "मंग देखजो."

चिपा लिहून घ्यायला तो सुरतला जायचा. तिथे त्याच्यासारखाच एक छांदिष्ट राहतो, नवापूरला वाढलेला, त्यामुळे त्याच्या मराठीत गुजराती असते आणि गुजरातीत मराठी. त्याच्याकडे चिपेवर लिहायचं यंत्र आहे. या चिपांच्या पाठीवर काचेची एक लहानशी खिडकी असते. तिच्यातून आत विशिष्ट दिवा दाखवला की लिहिलेलं पुसलं जातं आणि चिप पुन्हा कोरी होते. उन्हातही तोच गुण असतो, फक्त सावकाश. म्हणून खिडकीवर काहीतरी चिकटवून ठेवावं लागतं.

हे काहीतरी काय, ते मला उशिरा कळलं. आरशावरच्या पाकिटातून माझ्या टिकल्या कमी व्हायला लागल्या होत्या. मी आधी दुकानदारावर संशय घेतला, मग स्वतःच्या वयावर. एके दिवशी टेबलावरचा पत्र्याचा डबा उघडला तर आत सात-आठ चिपा नटूनथटून बसलेल्या.

"मापात बसते," नवरा म्हणाला. "आणि गोंद चांगला आहे."

रंगांवरून तो चिपा ओळखायचा. काळी टिकली म्हणजे जुने प्रयोग, हिरवी म्हणजे बिघडलेली, मरून म्हणजे शेवटची, नक्की झालेली. मरून एकच होती. मी म्हटलं, "इतकी वर्षं ग्रंथपालाबरोबर काढलीस, साधी चिठ्ठी लावता येत नाही?" तो म्हणाला, चिठ्ठी पडते, टिकली पडत नाही.

नवरा गेल्यावर अक्का राहायला आल्या. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, ब्राह्मणपुरीला दिलेली. पपई आणि उसाचं शेत अजून स्वतः बघतात. नवरा जाऊन त्यांना खूप वर्षं झाली. तेव्हापासून कपाळ मोकळं आणि तोंड त्याहून मोकळं. मला त्या 'पुस्तकवाली' म्हणतात. आमचं लग्न झालं तेव्हा मी माहेराहून पुस्तकांची पेटी आणली होती, आणि ती उचलताना त्यांच्या कंबरेत लचक भरली होती, त्याचा हा सूड.

तेराव्यानंतर त्यांनी घर धुवायला काढलं. गाद्या गच्चीवर गेल्या, गोधड्या गच्चीवर गेल्या. त्यातच नंदुरबारहून मिरच्यांचं पोतं आलं. वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या नवऱ्याने जायच्या आधी सांगून ठेवल्या होत्या. पोतं आणणारा दारात उभा राहून "सर कुठेत?" म्हणाला, आणि अक्कांनी त्याला चहा पाजून मग सांगितलं. मिरच्याही गच्चीवर गेल्या. सगळी गच्ची लाल.

मी त्या दिवसांत फारसं काही करत नव्हते. पुस्तक उघडून एकाच पानावर बसायचे. अक्का येता-जाता ते पान बघायच्या. "लई मोठं पान शे वाटतं," म्हणायच्या.

माझी टिकली कोणी काढायला लावली नाही. मीच आंघोळीनंतर एक दिवस लावली नाही, आणि मग तसंच राहिलं. पण घरात इथे तिथे चिकटलेल्या टिकल्या होत्या. आरशावर, कपाटाच्या दारावर, न्हाणीतल्या फरशीवर. धुताना त्या अक्कांच्या नजरेला आल्या. मला दिसू नयेत म्हणून त्यांनी एकूण एक नखाने काढून टाकल्या. त्यांनी स्वतः नवरा गेल्यावर घरात अशा चिकटलेल्या टिकल्या पाहिल्या होत्या, न विचारता कळणारी गोष्ट होती ती. मला ते पुढे समजलं.

महिना होत आला तेव्हा सुरतेहून त्या छांदिष्टाचा फोन आला. मी स्पीकर लावला, कारण हातात भाजी होती. अक्का समोर शेंगा सोलत होत्या.

"भाभी, सरांची चिप सांभाळून ठेवजो हं," तो म्हणाला. "नक्की झालेली. तिच्यात त्यांनी सगळं लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"मला न सांगे. म्हणे, आधी घरी दाखवीन. फाइल पेनड्राइव्हमध्ये हती, माझ्या मशीनवर ठेवूच न दिली. तुम्हाला पेनड्राइव्ह मिळ्यो?"

पेनड्राइव्ह मिळाला नव्हता. आजही मिळालेला नाही. बहुधा त्या नारळाच्या वाटेने गेला. म्हणजे नवऱ्याने हिवाळाभर जे लिहिलं ते आता त्या एकाच चिपमध्ये होतं, जगात दुसरीकडे कुठेही नाही. ग्रंथपालाला एकच प्रत म्हटलं की ती आधी कुलूपबंद कपाटात हवी असते. मी भाजी ठेवली, डबा आणला, उघडला.

चिपा होत्या. टिकल्या नव्हत्या. एकीवरही. प्रत्येकीची खिडकी उघडी आणि आत चंदेरी ठिपका लखलखत होता.

"टिकल्या कुठे गेल्या?" मी स्वतःशीच म्हटलं.

"बठ्ठ्या मीच काढ्यात," अक्का म्हणाल्या. "घरमातल्या काढ्यात तशा. तू वेंधळी, कोठेबी चिटकाडस. त्या डबामातल्या किड्यासवर बी लायेल व्हत्यात."

फोनमधून तो हळूच म्हणाला, "भाभी, डबो बंद हतो ना? ऊन नाही लागलं ना?"

मी अक्कांकडे पाहिलं. अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"डबा धुवाले घेता," त्या म्हणाल्या. "त्या वल्ल्या व्हयन्यात. मंग मिरच्याससंगे वाळाले टाक्यात गच्चीवर."

"किती दिवस?" फोनमधून सुरतेने विचारलं.

"मिरच्या वाळीपर्यंत," अक्का म्हणाल्या. आणि मग मला, "काय व्हयनं वं? काय व्हयनं?"

मी त्यांना सांगितलं. खिडकी, ऊन, पुसलं जाणं. चुलीवर दूध उतू जातंय हे सांगावं तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या सुरात मला ते सांगता आलं नसतं. अक्कांनी पूर्ण ऐकून घेतलं. त्या कोणालाही शेवटपर्यंत बोलू देत नाहीत, मला तर नाहीच. मग उठल्या, शेंगांची टरफलं भरली आणि म्हणाल्या, "माले काय मालूम? मन्हा भाऊनं लिखेल मीच पुसं." संध्याकाळच्या गाडीने त्या ब्राह्मणपुरीला निघून गेल्या. जेवायला थांबल्या नाहीत.

घर इतकं शांत झालं की मला वाचता येईना.

सुरतेचं म्हणणं होतं की आशा सोडायची नाही. कोवळं ऊन असेल, चिपा मिरच्यांच्या सावलीत पडल्या असतील, पालथ्या पडल्या असतील. पालथ्या असतील तर खिडकी खाली गेली. एक एक चिप यंत्रात बसवून पाहायची, टीव्हीवर काय येतं ते बघायचं. रंग नसल्यामुळे कोणती कोणती ते कळायला दुसरा मार्ग नव्हता. तो म्हणाला, मी येतो शहाद्याला. मी म्हटलं, नको. मला ते दुसऱ्या कोणाच्या हातून नको होतं. आणि मला ते अक्कांच्या माघारीही नको होतं.

मी ब्राह्मणपुरीला फोन केला. अक्कांनी उचलला.

"अक्का, या. मला एकटीला जमत नाही."

"तुले काय जमत नही? पुस्तकात देख."

"पुस्तकात नाही."

"आते कसं वं?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, आता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दारात. एका हातात शेतातल्या पपया, दुसऱ्या हातात बांगड्यांच्या दुकानातली कागदी पुडी. पुडीत मरून टिकल्यांचं पाकीट.

"बाजारमा गयथू," त्या बसायच्या आधीच सांगायला लागल्या. "त्या दुकानवालानं तोंड देखतीस तं! म्हने, आजी, कोनासाठे? मी म्हनं, कॉम्प्युटरसाठे. म्हने, कोनासाठे? मी म्हनं, बहिरा शे का रे? कॉम्प्युटरले टिकली लावतस आमना घरमा."

मी त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा हसले. हसताना आवाज कसा येतो हेच विसरले होते, तो शिंकेसारखा आला. अक्का म्हणाल्या, "सर्दी व्हयनी का?" आणि त्याही हसायला लागल्या.

मग आम्ही बसलो. सुरत व्हिडिओ कॉलवर होती. फोन धरायचं काम अक्कांकडे.

"भाभी, मला फक्त पंखो दिसे छे," सुरत म्हणाली.

"अक्का, खाली धरा."

"आता कोणाचं तरी गुडघो."

"मन्हाच शे," अक्का म्हणाल्या. "देख देख, वाताना शे."

शेवटी फोन डाळीच्या डब्याला टेकवला. मी मूळ चिप हलकेच काढून कापसावर ठेवली. पहिली अनोळखी चिप तिच्या जागी दाबली. चिपेच्या एका टोकाला खाच असते, ती कुठल्या बाजूला यावी हे सुरतेने मला इतक्यांदा सांगितलं की मी शेवटी चिडले. टीव्ही लावला, बटण दाबलं.

काळा पडदा.

दुसरी. पडदाभर मुंग्या.

तिसऱ्या चिपेने एक ओळ इंग्रजी आणि तिच्यापुढे भलत्याच खुणा दाखवल्या. अक्कांनी विचारलं, "हाई त्यानंच शे का?" मी म्हटलं, नसावं. "मंग काढ."

चौथी आणि पाचवी काळी. दर वेळी वीज बंद करायची, चिप काढायची, पाय नीट करायचे, पुढची. मी मध्ये थांबून पाणी प्यायले. डब्यात दोनच राहिल्या. अक्कांनी पदर तोंडाला लावला होता आणि टीव्हीकडे बघत नव्हत्या, माझ्या हातांकडे बघत होत्या. मला माहीत होतं त्या काय मोजतायत.

सहावी बसवली. बटण दाबलं. पडदा काळा राहिला, राहिला, आणि मग वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या ठिपक्यांची अक्षरं आली.

ये, बठ. काय काम शे?

'काम'मधला 'म' नव्हता. त्याच्या जागी एक भरीव पांढरा चौकोन. सुरतेने नंतर सांगितलं, ऊन लागलेल्या चिपेत असंच होतं, जिथलं पुसलं जातं तिथले सगळेच ठिपके पेटतात. पण त्या क्षणी आम्हा कोणालाही 'म'ची उणीव भासली नाही.

"बोलना!" अक्का ओरडल्या. "बोलना वं! हाऊ त्यानाच आवाज शे!"

आवाज नव्हता, अक्षरं होती. मी दुरुस्ती केली नाही. मलाही ऐकू आलं होतं. सकाळी उशिरा उठले की तो हेच म्हणायचा, स्वयंपाकघरात मीच पाहुणी असल्यासारखं.

"काहीतरी टाइप करा भाभी," डाळीच्या डब्यापाशी सुरत म्हणाली. तिला टीव्ही दिसतच नव्हता. "काय आलं? कोणी सांगो तो खरं!"

मला या यंत्राची एकही आज्ञा येत नाही. नवरा शिकवायला तयार होता, मीच नको म्हणायचे. मी माझं नाव टाइप केलं आणि मोठी कळ दाबली.

काय लिखं हाई? समजनं नही.

अक्का खो खो हसल्या. मला कळायला थोडा वेळ लागला. माझ्या नवऱ्याने या यंत्राचं दुसरं काहीही बदललं नव्हतं. कुठली आज्ञा चुकली की यंत्र ज्या इंग्रजी ओळींनी हटकतं, तेवढ्या ओळी त्याने काढल्या होत्या आणि त्या जागी स्वतःच्या घातल्या होत्या. ज्याला यंत्र येतं त्याला त्या क्वचित दिसल्या असत्या. ज्याला काहीच येत नाही, त्याला पावलोपावली.

म्हणजे हे काम त्याने कोणासाठी केलं होतं ते उघड होतं.

"आखो लिख," अक्का म्हणाल्या, म्हणजे पुन्हा. "चुकीसन लिख."

मी चुकून लिहू लागले. मला ते फार चांगलं जमलं. आकड्याला शून्याने भागायला सांगितलं.

शून्यनी भागीसन काय भेटी तुले?

आकड्यात अक्षर मिसळलं. सुरतेने सुचवलं तसं.

चहामा मीठ कसाले टाकस?

इथे तर 'म' दोनदा, दोन्हीकडे पांढरे चौकोन, दारात ठेवलेल्या दुधाच्या पिशव्यांसारखे. यंत्राची स्मृती भरून टाकायचा एक उपाय सुरतेने सांगितला, तो केल्यावर त्याने कुरकुर केली की आता डोक्यात जागा नाही. अक्कांनी मला बाजूला सारलं आणि स्वतः एका बोटाने कळा दाबल्या. यंत्राने त्यांनाही समजनं नही म्हणून सांगितलं. "तुले कवय समजनं व्हतं?" त्या टीव्हीला म्हणाल्या. "लहानपनपासून तसाच."

शेवटी सुरतेने एक कळ सांगितली, कोपऱ्यातली. चालू असलेलं काम मध्येच तोडायची. आकडे मोजत राहणारं काहीतरी त्याने माझ्याकडून लिहून घेतलं होतं, आकडे पडद्यावरून धावत होते. मी कळ दाबली. आकडे थांबले.

बरं, थांबनू.

सुरत काय झालं, काय झालं विचारत होती. मी त्याला ओळ वाचून दाखवली. तो म्हणाला, "हां." आणि मग, "हां भाभी." आणि मग कॉल कटला की त्याने कापला, मी विचारलेलं नाही.

आम्ही चहा केला. अक्कांनी पाकिटातली एक टिकली काढली, चिपेच्या खिडकीवर ठेवली आणि अंगठ्याने दाबली. थोडा वेळ दाबूनच ठेवली.

स्विचचं काम आम्ही पुढच्या आठवड्यात केलं. कॉम्प्युटरच्या बाजूला नवऱ्याने आधीच भोक पाडून ठेवलं होतं, आणि स्विच टेबलाच्या खणात होता. अक्कांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "हाई तं मन्हा पंपनं बटन शे!" त्यांच्या शेतातला बॅटरीवरचा फवारणीचा पंप बिघडला, तेव्हा भाऊ दुरुस्त करतो म्हणून घेऊन गेला होता. पंप परत आला नव्हता. "चोर," अक्का म्हणाल्या, भिंतीवरच्या भावाच्या फोटोकडे बघून.

त्याआधी मी चिप सुरतेला पोचवली. स्वतः गाडीत बसून नेली, पर्समध्ये, कापसात. सुरतेच्या यंत्राने ती वाचली आणि तिच्यासारखी दुसरी लिहून दिली. सुरत म्हणाली, "भाभी, 'म' दुरुस्त करी देऊं? पाच मिनिटांचं काम छे."

मी नको म्हटलं. प्रत काढताना मजकूर सुधारायचा नसतो, एवढं तरी नोकरीत शिकले होते. नव्या चिपेतही तिथे पांढरा चौकोन आहे.

सोल्डरिंग मी केलं, सुरत फोनवर सांगत होती तसं. अठ्ठावीस पायांच्या दोन चिपा, खाली इंग्रजी, तिच्या पाठीवर ही नवी, पायाला पाय. एक पाय चुकीच्या पायाला चिकटला तो सोडवताना बोट भाजलं. अक्कांनी त्यावर हळद लावली आणि टीका केली. मोकळे सोडलेले दोन पाय दोन वायरींनी स्विचला गेले. झाकण लावलं. टॉवेल धुवायला टाकला.

अक्का पेरणीच्या आधी ब्राह्मणपुरीला परत गेल्या. जाताना टिकल्यांचं पाकीट त्यांनी आरशावर लावलं, होतं तिथेच. मी बघत होते.

"बाकीन्या काय फुकट घालशी?" त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून गेटबाहेर पडल्या.

आता टेबलावर कॉम्प्युटर आहे. बाजूला फवारणीच्या पंपाचं बटण आहे. वर केलं की इंग्रजी, खाली केलं की अहिराणी. ते खाली असतं. डब्यात नवऱ्याने लिहिलेली मूळची चिप आहे, तिच्यावर मरून टिकली आहे आणि खाली मी लिहिलेली चिठ्ठी. सकाळी चहा झाल्यावर मी टीव्ही लावते आणि काहीतरी चुकीचं टाइप करते.